गुलाबी पायांचा पत्ता

बारकी नळांचे फोटो काढायची. नळ, तोट्या, शॉवर, बेसिनखालची वाकडी नळी, सगळं. कारखान्याच्या मागच्या अंगाला तिची बिनखिडकीची खोली होती. तिथे पांढऱ्या कागदाच्या पडद्यासमोर नळ उभा करायचा, दोन्हीकडून दिवे लावायचे आणि नळाच्या चकचकीत पोटात आपलंच तोंड उमटू नये म्हणून डोक्यावरून काळी चादर घेऊन फोटो काढायचा. चादरीतून फक्त लेन्स बाहेर. पहिल्यांदा तो प्रकार पाहून कारखान्यातला नवा हमाल पेटी तिथेच टाकून पळाला होता.

अंगापिंडाने ती लहानखुरी, म्हणून माहेरी बारकी, सासरी बारकी आणि कारखान्यातही बारकीच. तिने काढलेला नळ पाहिला की तहान लागते असं लोक म्हणायचे. तिला मात्र अलीकडे नळ पाहिला की झोप यायची.

एके दिवशी विक्री खात्याचे साहेब खोलीत आले आणि नव्या नळाकडे न बघताच म्हणाले, "यंदा कॅलेंडरवर नळ नकोत. लोक भिंतीला लावत नाहीत. निसर्ग हवा. पाणी, पक्षी, शांतता वगैरे. असे फोटो विकत मिळतात, मी बघतो."

"मी काढते," बारकी म्हणाली. म्हणून झाल्यावर तिला कळलं की आपण बोललो.

साहेबांनी चादरीच्या दिशेने पाहिलं. "तुम्ही? हलणाऱ्या वस्तू?"

"नळसुद्धा कधीकधी गळतात, साहेब."

साहेब हसले आणि जाता जाता म्हणाले, की बघा, जमलं तर आणा, नाहीतर विकतचे आहेतच. एवढ्यावर बारकीच्या पायांना चाकं लागली. बसमध्ये ती वेड्यासारखी आपल्याशीच हसत होती. शेजारच्या बाई उठून दुसरीकडे बसल्या, तरी तिचं हसू थांबेना.

घरी नवरा शिलाई मशीन उघडून बसला होता. तो मशिनी दुरुस्त करायचा. जेवणाच्या टेबलावर कायम कुठल्यातरी मशीनची आतडी पसरलेली असायची. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण जाणार कशी? तुला गाडी येत नाही, मला सुट्टी नाही." मग त्यानेच तोडगा काढला. "ताईला सांगतो. तिच्याकडे व्हॅन आहे."

बारकीचा उत्साह अर्ध्यावर आला. ताई म्हणजे तिची थोरली नणंद. चौकात वन्संचं ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं. वन्सं एकट्या राहायच्या, ताठ चालायच्या आणि कुणाच्याही कॉलरकडे बघून त्या माणसाबद्दल मत बनवायच्या. बारकी सून होऊन आली त्या दिवशी वन्संनी तिला पहिलं वाक्य ऐकवलं होतं, "हा डाग शाईचा की जांभळाचा?" त्यानंतर दोघींचं बोलणं झालं ते बहुतेक डागांवरच.

पण भावाचा शब्द वन्संनी मोडला नाही. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी व्हॅन दारात उभी राहिली. वन्संच्या हातात मोजे, मांडीवर अत्तराच्या पाण्याची फवाऱ्याची बाटली. मागे पोचवायचे राहिलेले गिऱ्हाइकांचे कोट, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, दांडीला ओळीने टांगलेले. व्हॅन वळली की सगळे कोट एकदम एका बाजूला झुकायचे. बारकीला वाटलं, आपल्यामागे अख्खं वऱ्हाड बसलंय.

"वन्सं, तुम्हाला त्रास दिला," ती म्हणाली.

"त्रास नाही. पण गाडीत चिखलाचे पाय आणायचे नाहीत."

पहिल्या दिवशी त्या सगळे जातात त्याच तळ्यावर गेल्या. काठावर फोटो काढणाऱ्यांची भिंत उभी होती. तोफांसारख्या लेन्सा, खिशाखिशांचे जॅकेट, आणि सगळ्यांच्या लेन्सा एकाच बगळ्यावर. बगळाही सराईत. मान तिरकी करून उभा राहिलेला, थोड्या वेळाने दुसरी बाजू द्यायचा. बारकी टाचा उंचावून बघत होती. तिला दिसत होत्या त्या फक्त पाठी. तिने दोन खांद्यांमधल्या फटीतून एक फोटो काढला, तर त्यात एका गृहस्थाचा कान आला. अतिशय सुस्पष्ट आला. त्या कानवाल्या गृहस्थांनी वळून सांगितलं, "बाई, जरा बाजूला. तुमची सावली पाण्यात पडते."

परतताना बारकी कॅमेरा पुन्हा पुन्हा चालू-बंद करत होती. वन्संनी तिच्या मांडीवरच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो कान पाहिला. रस्त्याकडे बघून पुन्हा पाहिला. मग गंभीरपणे म्हणाल्या, "धुवायला हवा."

बारकीला वाटलं वन्सं रागावल्यात. तिने हळूच पाहिलं. वन्संचा चेहरा इस्त्रीचा होता, पण हनुवटी थरथरत होती. बारकीच्या तोंडून फिस्सकन हसू सुटलं. वन्संनी व्हॅन कडेला घेतली, कारण त्यांना रस्ता दिसेनासा झाला होता. इतक्या वर्षांत वन्संना हसताना बारकीने पाहिलं नव्हतं. त्या हसायच्या ते आवाज न करता, डोळे घट्ट मिटून, स्टिअरिंगवर कपाळ टेकून. आणि मध्येच चुकून हॉर्न वाजायचा.

"हे बघ," डोळे पुसत त्या म्हणाल्या, "जिथे सगळे जातात तिथे आपण काय उजेड पाडणार? जिथे कुणीच जात नाही तिथे जायचं."

"म्हणजे कुठे?"

"ते मला काय ठाऊक? पाटी नसेल तिथे वळू."

त्या दिवसापासून दोघी पाटी नसेल तिथे वळू लागल्या. एक रस्ता लाकडाच्या वखारीत जाऊन संपला. तिथल्या पाळलेल्या हंसाने वन्संना व्हॅनभोवती तीन फेऱ्या पळवलं आणि बारकीने काढलेल्या फोटोंत हंसाची फक्त मान आली, वन्सं पूर्ण. दुसरा रस्ता एका घराच्या परसात शिरला. तिथे एक आजोबा कपडे वाळत घालत होते. वन्संनी उतरून त्यांना चिमटे कुठे लावायचे ते समजावून सांगितलं आणि मगच गाडी मागे घेतली. पक्षी एकही मिळाला नाही, पण घरी येईपर्यंत दोघींची पोटं दुखत होती. नवरा विचारायचा, "काही मिळालं?" की दोघी एकमेकींकडे बघायच्या आणि पुन्हा सुरू. तो बिचारा हातात बॉबिन घेऊन उभा.

मग एकदा, शहराच्या अगदी कडेला, गोदामं संपतात तिथे, बारकीला एका लांबलचक भिंतीवरून पांढऱ्या पक्ष्यांचा थवा उतरताना दिसला. उतरले ते वर आलेच नाहीत.

"भिंतीपलीकडे पाणी आहे, वन्सं."

वन्संनी भिंतीच्या कडेकडेने व्हॅन घेतली. काच खाली होती. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी काच वर केली. आणखी पुढे गेल्यावर नाकाला रुमाल लावला. "काहीतरी मेलंय इथे," त्या म्हणाल्या.

फाटकावर गंजलेली पाटी होती. गंजातूनही वाचता येत होतं: सांडपाणी शुद्धीकरण केंद्र.

दोघी पाटीकडे बघत राहिल्या. अख्ख्या शहराची मोरी धुवून जे जातं ते सगळं इथे येत होतं. वन्संनी मागचा गिअर टाकला. एवढ्यात फाटक उघडून गमबूट घातलेले एक उंच गृहस्थ धावत बाहेर आले. धावता धावताच त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

"आपण भेट द्यायला आलात का?" त्यांनी विचारलं. आवाजात इतकी आशा होती की वन्संचा पाय क्लचवरच राहिला.

"पक्षी बघायला," बारकी खिडकीतून म्हणाली.

"या ना, या. मी इथला केंद्रप्रमुख. माझ्या हाताखाली कुणी नाही, पण प्रमुख आहे. शाळेची सहल येणार म्हणून मी एकदा सगळे कठडे रंगवले होते. मुलं फाटकाशी आली, वास घेतला आणि बस वळवून बागेत गेली. तेव्हापासून तुम्हीच."

आता नाही म्हणायची सोय नव्हती. केंद्रप्रमुखांनी अगदी घर दाखवावं तसं केंद्र दाखवलं. ही जाळी, इथे चिंध्या अडकतात. या गोल टाक्या, इथे गाळ खाली बसतो. वन्सं रुमालाआडून ऐकत होत्या. गाळ कसा सुटतो याचं वर्णन सुरू झाल्यावर मात्र त्यांनी रुमाल थोडा खाली घेतला आणि विचारलं, "गरम पाणी वापरता का?" यावर दोघांची अशी चर्चा रंगली की बारकी कधी पुढे निघून गेली ते त्यांना कळलंच नाही.

टाक्यांच्या मागे मोठी तळी होती. शेवटची, स्वच्छ होत आलेल्या पाण्याची. कठड्याला वळसा घालून बारकी तिथे पोचली आणि जागच्या जागी उभी राहिली.

पाणी पक्ष्यांनी भरलेलं होतं. बदकं, टिबुकल्या, चिखलावर लगबग करणारे तुतवार, एका पाइपावर खांद्याला खांदा लावून बसलेले पाणकावळे. आणि उथळ पाण्यात शेकाटे. पांढरं अंग, काळे पंख आणि खाली गुलाबी पाय, इतके लांब की कुणीतरी चुकून दुसऱ्याच पक्ष्याचे बसवले असावेत. एक शेकाट्या आपलेच पाय न्याहाळत, एकेक उचलून ठेवत चालला होता. नवीन बूट घालून आल्यासारखा. आजूबाजूला एकही लेन्स नाही, एकही कान नाही.

बारकी परत धावत आली. तिने वन्संचा हात धरला, मोज्यासकट, आणि ओढतच नेलं. वन्संनी तळं पाहिलं. रुमाल त्यांच्या हातातून कधी पडला ते त्यांनाही समजलं नाही.

"एवढे सगळे," त्या हळूच म्हणाल्या, "आणि इतके पांढरे. या पाण्यात."

मागून केंद्रप्रमुख लाजत म्हणाले, "आम्ही धुतो ना पाणी."

तेव्हापासून सुट्टीचा प्रत्येक दिवस केंद्रात जाऊ लागला. पक्षी माणसाला बुजतात पण गाडीला बुजत नाहीत, हे बारकीच्या लवकरच लक्षात आलं. व्हॅन तळ्याच्या काठाला पाठमोरी लावायची, मागचं दार किलकिलं करायचं आणि टांगलेल्या कोटांच्या मधोमध स्टुलावर बसून दोन बाह्यांच्या फटीतून लेन्स बाहेर काढायची. काळ्या चादरीची सवय तिला होतीच, त्यात हे कोट म्हणजे चैन. मात्र एका गिऱ्हाइकाने कोट परत आणला. कोट अगदी स्वच्छ आहे, तक्रार नाही, पण रस्त्यावरची कुत्री माझ्यामागे लागतात, असं त्याचं म्हणणं. वन्संनी मान खाली घालून तो कोट घेतला आणि आतल्या खोलीत जाऊन इतकं हसल्या की काउंटरवरच्या मदतनीस बाई पाणी घेऊन आत धावल्या. त्यानंतर सुट्टीच्या दिवशी व्हॅनमध्ये वन्संचे स्वतःचे जुने कोट टांगले जाऊ लागले.

नवऱ्यानेही एकदा नाक वर करून विचारलं, "तुम्ही दोघी नेमक्या जाता कुठे?"

"निसर्गात," वन्सं म्हणाल्या.

"निसर्गाला असा वास येतो?"

"जवळून येतो," बारकी म्हणाली.

तळ्यांच्या एका बाजूला गाळ वाळवायचे वाफे होते. ओला गाळ त्यात पसरायचा, उन्हाने वाळला की यंत्राने खरवडून न्यायचा. कडेच्या वाफ्यात, खडीच्या कोपऱ्यावर, शेकाट्यांच्या एका जोडीने घरटं केलं. घरटं कसलं, चार काड्या आणि चार ठिपकेदार अंडी. गाळ न्यायला यंत्र आलं तेव्हा केंद्रप्रमुखांनी चालकाला सांगितलं, तो वाफा ओला आहे. पुढच्या खेपेलाही तो वाफा ओलाच होता. चालकाने वाळून भेगा पडलेल्या वाफ्याकडे पाहिलं, केंद्रप्रमुखांकडे पाहिलं आणि यंत्र दुसऱ्या वाफ्याकडे वळवलं. मग केंद्रप्रमुखांनी आपलं म्हणणं खरं करायला एका टोकाने थोडा नवा गाळ सोडून दिला.

अंड्यांवर नर आणि मादी आळीपाळीने बसायचे. बसणं हा एक सोहळाच होता. आधी अंड्यांकडे टक लावून बघायचं, मग ते लांबलचक पाय कुठून दुमडायचे याचा विचार करायचा, मग मागच्या मागे घडी घालत खाली यायचं. बारकीचा ट्रायपॉड बंद होताना अगदी तसाच अडायचा. ऊन तापलं की पक्षी पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवून आणायचा आणि अंड्यांवर ओला बसायचा. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वन्संनी केंद्रप्रमुखांच्या दंडाला धरून हलवलं. "बघा, पाणी मारून मग बसतोय. इस्त्रीला बसावं तसा." दंड सोडायचं मग त्यांच्या बराच वेळ ध्यानात आलं नाही, आणि केंद्रप्रमुखांनीही आठवण केली नाही.

एका भर कामाच्या दिवशी दुकानातला फोन वाजला. काउंटरवर गर्दी होती. वन्संनी फोन उचलला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"तडा गेला?" त्या म्हणाल्या. "दोन पहाटेच बाहेर पडली, आता उरलेल्या दोन्हींना? आतून आवाज येतोय? मी निघालेच."

गिऱ्हाइकं गंभीर झाली. एकाने विचारलं, "घरी सगळं ठीक ना, ताई?" वन्संनी त्याची अर्धी घडी घातलेली पँट त्याच्याच हातात दिली, मदतनीस बाईंच्या हवाली दुकान केलं आणि व्हॅन काढली. कारखान्याच्या दाराशी त्यांनी असा हॉर्न वाजवला की विक्री खात्याचे साहेब खिडकीत आले. बारकी खोलीतून चादर अंगावर घेऊनच बाहेर पडली. काय झालं हे विचारायचीही गरज नव्हती.

केंद्रात पोचल्या तेव्हा केंद्रप्रमुख फाटकात उभे होते. आज त्यांनी केसही विंचरले होते. "तीन आली," ते कुजबुजले. "चौथं ओलं आहे अजून."

बारकी व्हॅनमध्ये कोटांत घुसली. पिल्लं म्हणजे मातकट कापसाचे गोळे, आणि त्या गोळ्यांना आत्ताच अंगाहून लांब पाय. जन्मून अर्धा दिवस झाला नव्हता आणि चालायला निघाली होती. दोन पावलं टाकायची, पाय एकमेकांत अडकायचे, नाकावर आपटायची आणि काही झालंच नाही अशा थाटात उठायची. आई ओरडत मागे, बाप ओरडत पुढे. बारकी फोटो काढत होती आणि हसू दाबल्याने व्हॅन हलत होती.

"हलू नकोस," वन्सं बाहेरून म्हणाल्या. त्या स्वतः दोन्ही हातांनी तोंड दाबून उभ्या होत्या.

एवढ्यात सगळ्यात धाडसी पिल्लू वाफ्याच्या कडेला गेलं, पलीकडे काय आहे ते बघायला वाकलं आणि दिसेनासं झालं. पलीकडे पाणी वाहून नेणारी सिमेंटची पन्हळ होती. पिल्लू तिच्यात पडलं होतं. पाणी फार नव्हतं, पण ओढ होती, आणि पुढे जाळी. कडा उभ्या, गुळगुळीत. आईबाप डोक्यावर गोल गोल फिरत किंचाळू लागले.

"मी झडप बंद करतो," म्हणत केंद्रप्रमुख पंपघराकडे धावले. पंपघर लांब होतं. पन्हळीला पोचायचा बांधावरून जाणारा रस्ताही लांब होता. जवळचा रस्ता एकच होता, वाफ्यातून.

कॉलरच्या डागालासुद्धा मोजे घातल्याशिवाय हात न लावणाऱ्या वन्संनी एकदा पिल्लाकडे पाहिलं, चपला काढल्या, नीट जोडून बांधावर ठेवल्या आणि वाफ्यात उतरल्या.

सुरुवातीची काही पावलं वाळलेला गाळ कुरकुरला. मग नव्याने गाळ सोडलेलं टोक आलं. वरून साय धरल्यासारखं वाळलेलं, आत खळीसारखं. वन्संचा एक पाय गेला. तो काढायला दुसऱ्यावर जोर दिला, तो गेला. मांड्यांपर्यंत. वन्सं थांबल्या, एकदा खाली पाहिलं, आणि मग ज्या ताठ पाठीने त्या दुकानात उभ्या राहायच्या त्याच ताठपणे पुढे वाकून त्यांनी हात लांब केला. पिल्लू पन्हळीतून वाहत येत होतं. वन्संनी ओंजळ पाण्यात धरली. पिल्लू आपल्या आपण ओंजळीत आलं.

त्यांनी हात वर उचलला. तळव्यावर भिजलेला, चिमूटभर जीव. तो उभा राहिला, पडला, पुन्हा उभा राहिला. मग त्याने वन्संच्या मनगटावर पाय ठेवला, बाहीवरून चढत चढत तो खांद्यावर पोचला आणि तिथे ऊन खात पंख झाडू लागला. झाडलेले थेंब वन्संच्या गालावर उडत होते. वन्सं श्वाससुद्धा घेत नव्हत्या. इतक्यात आईला पिल्लू दिसलं. ती घिरट्या घालत खाली आली आणि वन्संपासून हातभर अंतरावर, गाळावर, आपल्या गुलाबी पायांवर उतरली. तिने मान उंच करून वन्संकडे पाहिलं. वन्संनी तिच्याकडे पाहिलं.

"तुमचं आहे," वन्सं अगदी हळू म्हणाल्या. "घेऊन जा."

बारकीच्या बोटाखाली शटर अखंड चालू होतं. नणंद गाळात रुतलीय, तिला काढायला हवं, हे तिच्या मनातही आलं नाही. पिल्लू खांद्यावरून दंडावर, दंडावरून हातावर घसरत आलं, वन्संनी हात कडेच्या कोरड्या गाळावर टेकवला आणि ते धडपडत आईच्या पोटाखाली शिरलं. आई त्याला घेऊन बाकीच्या तिघांकडे गेली. होय, तिघांकडे. या गडबडीत चौथंही वाळून उठलं होतं.

केंद्रप्रमुख झडप बंद करून धापा टाकत आले तर वाफ्यात वन्संचा वरचा अर्धा भाग. ते फळी घेऊन आले, शिडी घेऊन आले, आडवे झाले, दोन्ही हात दिले. "खांदे सैल सोडा, ताई," ते म्हणाले. गाळाने एक असा आवाज केला की तो इथे सांगता येणार नाही. वन्सं सुटल्या आणि सुटल्या त्या थेट केंद्रप्रमुखांच्या अंगावर. दोघं शिडीवर आडवे. मग वन्संचं अंग हलू लागलं.

"लागलं का कुठे? रडू नका," केंद्रप्रमुख घाबरून म्हणाले.

"त्या रडत नाहीत," बारकी व्हॅनमधून ओरडली. "त्या अशाच हसतात."

मग तिलाही आवरेना. ती कोटांसकट दांडी घेऊन खाली कोसळली. केंद्रप्रमुख आधी गोंधळले, मग त्यांनाही लागण झाली. तिघंही हसत होते. एकाचं थांबायचं, तो दुसऱ्याकडे बघायचा की पुन्हा सुरू. वन्संना नळीने धुताना केंद्रप्रमुख दर मिनिटाला "माफ करा" म्हणत होते आणि वन्सं म्हणत होत्या, "गरम पाणी वापरायला हवं."

फोटो साहेबांसमोर मांडले तेव्हा साहेबांनी ते एकेक करून उचलून पाहिले. पाय मोजत चालणारा शेकाट्या, ओल्या पोटाने अंड्यांवर बसलेला बाप, नाकावर आपटलेलं पिल्लू. वन्संचा फोटो त्यांत नव्हता. "धंदा आहे माझा," असं म्हणून वन्संनी तो कॅलेंडरला द्यायला साफ नकार दिला होता. बारकीने पुष्कळ गळ घातली, पण नाही म्हणजे नाही.

"कुठलं तळं हे?" साहेबांनी शेवटी विचारलं. "फोटोखाली नाव छापू."

खोटं सांगावं असं बारकीला क्षणभर वाटलं. मग तिने खरं सांगितलं, वासासकट. साहेबांनी हातातला फोटो अलगद टेबलावर ठेवला आणि बोटं पँटला पुसली.

"आपल्या नळाच्या कॅलेंडरवर गटाराचं पाणी?"

"आपल्याच नळातून गेलेलं पाणी आहे ते, साहेब," बारकी म्हणाली. हे तिला त्या क्षणी सुचलं आणि सुचताच तिचं तिलाच इतकं आवडलं की ती टेबलावर दोन्ही हात टेकून पुढे वाकली. "लोक तोंड धुतात, भांडी घासतात, आंघोळ करतात, ते सगळं तिथेच जातं. तिथून धुऊन निघतं आणि मग त्यात हे येऊन राहतात. आपण नळ विकतो तेवढ्यावर थांबतो. मी पुढे कुठे जातं ते बघून आले."

साहेब फोटोंकडे बघत राहिले. पुन्हा एक उचलला, या वेळी बोटं न पुसता. "हे नाकावर पडलेलं," ते म्हणाले, "माझ्या मुलीसारखं दिसतंय." आणि हसले. कॅलेंडर छापलं गेलं. प्रत्येक फोटोखाली केंद्राचं पूर्ण नाव होतं, आणि साहेब दर महिन्याला पान उलटताना आपल्या खोलीत आलेल्या पाहुण्याला आधी खालचं नाव हाताने झाकून विचारायचे, "ओळखा बघू कुठलं?"

शाळेच्या बसेस केंद्राकडे वळू लागल्या. मुलं नाक धरून आत जायची आणि बाहेर यायचं नाव घ्यायची नाहीत. केंद्रप्रमुखांनी कठडे पुन्हा रंगवले. आणि दर आठवड्याला एक दिवस ते आपले कामाचे कपडे पिशवीत घालून वन्संच्या दुकानात येऊ लागले. पहिल्यांदा वन्संनी पिशवीत डोकावून सांगितलं, "असले कपडे आम्ही घेत नाही." ते "बरं" म्हणून वळले. "ठेवा," वन्सं म्हणाल्या. मदतनीस बाईंनी बारकीला नंतर सांगितलं, की ते कपडे ताई स्वतः धुतात, मशीनला लावू देत नाहीत, आणि धुताना मध्येच त्यांचे खांदे हलतात.

परवाच्या सुट्टीला व्हॅनमध्ये तिघं होते. नवराही येणार होता, पण ऐनवेळी एका मशीनची सुई अडली. केंद्रप्रमुख मधल्या जागेत, त्यांचे गुडघे हनुवटीला लागलेले, मांडीवर बारकीचा ट्रायपॉड. बंद पडलेल्या खाणीत मधमाश्या खाणाऱ्या हिरव्या राघूंची बिळं आहेत, असं कुणीतरी कुणालातरी सांगितलेलं त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांना खाण कुठे आहे ते माहीत नव्हतं. सांगणाऱ्यालाही नव्हतं.

रस्ता डांबरी होता, मग खडीचा झाला, मग गवताच्या मधल्या दोन चाकोऱ्या उरल्या. पुढे दोन फाटे आले. एकाला मोठी, रंगवलेली पाटी होती. दुसऱ्यावर काही नव्हतं, फक्त उंच गवत आणि मध्ये एक म्हैस बसलेली.

वन्संनी गाडी हळू केली. "विचारू का तिला?"

"ती उठणार नाही," केंद्रप्रमुख म्हणाले.

"मग आपणच उतरू," बारकी म्हणाली, आणि गाडी पुरती थांबायच्या आधीच तिने दार उघडलं.